स्मरणरंजनापलीकडचे संग्रहालय
स्थलांतरितांची संग्रहालये धनिकांच्या देणग्यांतून उभी राहतात आणि स्मरणरंजनातच रमतात, हे मत शिकागोच्या पिल्सन वस्तीतील नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टला लागू पडत नाही. कार्लोस टॉर्टोलेरो या शिक्षकाने सहकारी शिक्षकांसह १९८२ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि १९८७ मध्ये हॅरिसन पार्कमधील, पूर्वी नावा बांधण्याची कार्यशाळा असलेल्या इमारतीत संग्रहालय खुले झाले; प्रवेश आजही विनामूल्य आहे आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते.

तेथे दरवर्षी मृतांच्या दिवसानिमित्त, म्हणजे दिवंगतांच्या स्मरणाच्या मेक्सिकन सणानिमित्त, झेंडूची फुले (आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच), मेणबत्त्या, गोड पाव आणि दिवंगतांची छायाचित्रे मांडून वेद्या उभारल्या जातात. त्यामुळे जिवंत प्रथा आणि समकालीन कला एकाच दालनात पाहता येतात.