अनुभव धागा : कुठल्या पानावर थांबलात?

गेल्या पाच-सहा महिन्यांत काय वाचलंत? कथा-कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, काहीही चालेल. जुनं पुस्तक आत्ता कुठे हाती आलं असेल तरी चालेल. अट एकच: 'छान आहे, जरूर वाचा' एवढं म्हणून निसटायचं नाही. जिथे पुस्तक पालथं घालून बसून राहिलात, किंवा वैतागून मिटून टाकलंत, ते पान सांगा. सुरुवात मीच करतो.

माझं आजोळ पेणजवळचं, त्यामुळे वरसईचे गोडसे भटजी हे नाव लहानपणापासून कानावर. त्यांचं 'माझा प्रवास' वाचायला मात्र पन्नाशी उजाडली. शाळेत १८५७ म्हणजे काडतुसं आणि 'उठावाची कारणे लिहा', पाच गुण. इथे एक कर्जात बुडालेला भिक्षुक घराबाहेर पडतो, कारण मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ आहे आणि दक्षिणा बरी मिळेल असं कानावर आलंय. उठाव त्याच्या वाटेत येतो, एवढंच. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा शहरातच. मिळवलेलं लुटलं जातं, पुन्हा चार पैसे जमतात, पुन्हा लुटले जातात, आणि अखेर गावी आणतो काय, तर गंगेची कावड.

थांबलो तो विहिरीपाशी. काल्पीच्या वाटेवर राणी भेटते, तहानलेली. भटजी पाणी काढायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी नका काढू, मीच घेते. ओंजळीनं पिते आणि जाते. चौकातल्या पुतळ्यावरची राणी मला कधी खरी वाटली नव्हती. ही वाटली. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांच्या हातून, आणि त्यांनी त्यावर बराच हात फिरवला होता. मूळ संहिता १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी आणली. घेणार असाल तर मूळचीच घ्या. हात फिरवलेल्या प्रतीत भटजी उगाचच शहाणे वाटतात.

*नाशिक, निवृत्त शिक्षिका*

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं, पण पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यापुरतं. यंदा आमच्या भिशीतल्या सहाजणींनी ठरवून चारही भाग वाचले. लक्ष्मीबाई इथल्याच जलालपूरच्या, याचा उगाच अभिमान!

१८९५ मध्ये त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले, तो भाग रडत वाचीन असं वाटलं होतं. तसं झालं नाही. अडकले ती त्यापुढे. ही बाई नवऱ्यापाशी येऊन राहते, पण सोवळं आपलं वेगळं सांभाळते. एका छपराखाली दोन धर्म. यावरून भिशीत चांगलीच जुंपली. एकीचं म्हणणं, ती बदलली ती धर्मासाठी नव्हे, नवऱ्यासाठी. मला हे अजिबात मान्य नाही. जातपात तिनं स्वतःच्या डोक्यानं विचार करून सोडली, आणि तसं तिनंच लिहून ठेवलंय. धड शाळेत न गेलेली बाई इतका सरळ विचार करते, याचंच लोकांना अवघड वाटत असावं.

टिळकांचा राग मात्र मला शेवटच्या पानापर्यंत राहिला. तिला नव्हता. ते तिचं मोठेपण, माझ्यात नाही.

*सोलापूर जिल्हा, शेती*

आमचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. म्हणजे आजोबांचं. मी जन्मलो तो इकडच्या माळावर, पुनर्वसनाच्या गावठाणात.

कॉलेजात असताना विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' वाचली तेव्हा डोकं भडकलं होतं. मोबदला, कचेरीच्या खेपा, पुढाऱ्यांचे शब्द, सगळं घरी ऐकलेलं. वाटलं, आता यावर आणखी कुणी लिहायचं राहिलंच नाही. मग कृष्णात खोतांची 'रिंगाण' आली, तिला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला म्हणून तालुक्याच्या वाचनालयातून आणली. गोष्ट एवढीशी. धरणानं उठवलेला देवाप्पा मागं रानात सुटून राहिलेली म्हैस आणायला परत जातो. म्हैस तिकडं रानाचीच होऊन बसलीय.

आमचे आजोबा शेवटी शेवटी माणसांची नावं विसरायचे. दावणीच्या गुरांची विसरले नाहीत. चंद्री, बाळी, कुणाचं शिंग कसं, सगळं. निघताना ती विकली होती, कुणाला ते कधी सांगितलं नाही. म्हैस माणसाला जुमानत नाही त्या पानावर मी पुस्तक ठेवलं नि मोटार चालू करायला गेलो. पाणी पाजून आलो, परत वाचलं. मला वाटलं, म्हैस बरोबर आहे.

खोट काढायची तर मधली काही पानं पुढंच सरकत नाहीत. जंगल चढताना दम लागावा तसं होतं. कदाचित मुद्दाम असेल, पण मी चार पानं गाळली, खोटं कशाला बोलू.

*पुणे, आयटी*

नेमाडेंची 'कोसला' तिसऱ्यांदा सोडली. पांडुरंग सांगवीकर होस्टेलवर बापाचे पैसे उडवत कंटाळतो आणि मी ते वाचून कंटाळतो. १९६३ साली ते नवीन असेल. आता प्रत्येक मुलगा मोबाइलवर तेच लिहितो. मोडा मला.

*नाशिकहून पुन्हा*

मोडत नाही. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते तिथवर पोचलात का? नसाल तर चौथ्यांदा उचला. पोचूनही सोडली असेल तर माझं काही म्हणणं नाही.

*पुणे, आयटी*

नाही पोचलो. बघतो.

*श्टुटगार्ट, जर्मनी*

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' आईनं सामानात घातलं होतं. ठरवलं, महिन्याला एकच लेख, ज्या त्या महिन्यात. पहिल्याच लेखाला फसले. पानावर 'वसंतहृदय चैत्र' आणि खिडकीबाहेर झाडांच्या नुसत्या काड्या. आषाढात इकडे चौतीस अंश. चिडचिड झाली, कारण मराठी महिने मला तोवर फक्त सणांपुरते माहीत होते, झाडांवरून कधी मोजले नव्हते.

श्रावणात वाचन थांबलं ते वेगळ्याच कारणानं. दुर्गाबाई हळहळत नाहीत, बघतात. मी चार वर्षं इथे राहून घरासमोरच्या झाडाचं नाव विचारलं नव्हतं. शेजारच्या आजींना विचारलं, लिंडन म्हणाल्या. आता भाद्रपद राहिलाय.

*बेळगाव*

मी पुस्तकं वाचणारा नव्हे. पण बायको लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून पाच महिने 'रुचिरा' वाचतोय, तर ते या धाग्यात बसतं का बघा. १९७० पासून घराघरांत आहे. कमलाबाई ओगल्यांनी ग्रॅम-बिम नाही, वाटी आणि चमच्यात माप दिलंय, म्हणून सोपं आहे म्हणतात. आमच्या मांडणीवर सात वाट्या आहेत, सातही वेगळ्या. फोनवर विचारलं तर उत्तर येतं, 'नेहमीची.'

थांबलोय साबुदाण्याच्या वड्यावर. समासात तिच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय, 'दाणे जास्त.' घालायचे, की झाले होते?