आउटलुक : जुन्या मेल हलत नसतील तर

ऑटोअर्काइव्ह (जुन्या मेल आपोआप एका वेगळ्या फाइलमध्ये हलवणारी आउटलुकची सोय) चालू करूनही तीन वर्षांपूर्वीच्या मेल इनबॉक्समध्येच राहतात, हा प्रश्न मलाही पडला होता. गोम तारखेत आहे. आउटलुक मेलचं वय फक्त ती आली त्या दिवसापासून मोजत नाही. आल्याची तारीख आणि शेवटच्या बदलाची तारीख यांतली जी नंतरची, ती धरतं. म्हणजे गेल्या महिन्यात तुम्ही जुन्या मेल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवून आवराआवर केली असेल, तर त्या सगळ्या पुन्हा 'तरुण' झाल्या! माझं नेमकं हेच झालं होतं.

दुसरं म्हणजे, फाइल – ऑप्शन्स – अॅडव्हान्स्डमधली सेटिंग पुरत नाही. प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ऑटोअर्काइव्हचा टॅब बघा. तिथे 'या फोल्डरसाठी नको' असं निवडलेलं असेल, तर ते फोल्डर जागचं हलणार नाही. आणि 'जुनं कायमचं डिलीट करा' हा पर्याय चुकून निवडू नका, मग रडायची वेळ येते.

हलवलेल्या मेल जिथे जातात ती अर्काइव्हची फाइल (पीएसटी) तुमच्याच कॉम्प्युटरवर असते. त्या मेल मग मोबाइलवर दिसत नाहीत, आणि हार्डडिस्क गेली की त्याही गेल्या. मी महिन्यातून एकदा आउटलुक बंद करून ती फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करते. आउटलुक उघडं असताना कॉपी होत नाही.

हे सगळं जुन्या, क्लासिक आउटलुकचं. नव्यात ऑटोअर्काइव्ह शोधत बसू नका, ते तिथे नाहीच.