मदत हवी आहे: दयाळाच्या पिल्लांवर दुपारचं ऊन येतंय, पेटी हलवू का? (नेरूळ)

अनंताचं_फूल | १६ मे, दुपारी ३:४०

घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या रो-हाउसमध्ये राहतो. मागे बाग म्हणायला बारा बाय आठची जागा. एक अनंत, एक जास्वंद, नळाखाली अळू. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी हापूसच्या रिकाम्या पेटीच्या फळ्या सोडवून चिमण्यांसाठी घरटं ठोकलं. भोक आखायला फुलपात्र उपडं ठेवून पेन्सिल फिरवली, त्यामुळे ते चिमण्यांच्या मानाने दरवाजाच झालं. चिमण्या आल्या, डोकावल्या, गेल्या. यंदा एप्रिलमध्ये दयाळाच्या जोडीने ते घेतलं. मादी काड्या आणि सुकी मुळं आणायची, नर समोरच्या डिशवर बसून पहाटे साडेपाचपासून गायचा.

२५ एप्रिलला मोबाइल काठीला बांधून एकदाच फोटो काढला. चार अंडी, हिरवट-निळसर, वर तपकिरी ठिपके. ८ मेपासून आतून बारीक चिवचिव ऐकू येते, म्हणजे पिल्लं आठेक दिवसांची असावीत.

आता अडचण. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर आहे. आजवर कुंपणापलीकडच्या बदामाची सावली असायची. काल सोसायटीने पावसाळ्याआधीची छाटणी करून घेतली आणि नेमकी आमच्याकडची फांदी गेली. मी ऑफिसला होते, सासूबाईंनी आरडाओरडा केला तोवर फांदी खाली. आज एक वाजल्यापासून पेटीवर थेट ऊन आहे. फळीला हात लावला तर चटका बसला. दोन पिल्लं भोकाशी येऊन चोच उघडी टाकून बसलीत. भूक लागली म्हणून असेल का? पण आई जवळपास नसतानाही तशीच आहेत, आवाजही नाही.

पेटी काढून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, सावलीत लावू का? जेमतेम सात-आठ फूट अंतर आहे. की वरून पाणी मारू? कृपया लवकर सांगा.

गावठी_मिरची | ३:५२

पिल्लं घरात आणा, खोक्यात ठेवा. आमच्या मामांनी पोपटाचं पिल्लू दूध-पोळीवर वाढवलं होतं.

टिटवी | ४:०५

कृपया असं काही करू नका. पोपट फळं-दाणे खाणारा, दयाळ किडे खाणारा. दूध-पोळीने दोन दिवसांत पिल्लं जातील. शिवाय रानपक्ष्याची पिल्लं घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) बसत नाही.

अनंताताई, तुम्ही जे पाहिलंत ती भूक नाही, ती धाप आहे. भुकेलं पिल्लू आई आली की मान ताणून, ओरडून चोच उघडतं आणि ती गेली की मिटतं. उकाड्याने हैराण झालेलं पिल्लू गप्प बसून चोच उघडी ठेवतं, गळा थरथरत असतो. पक्ष्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता ते अशीच बाहेर टाकतात. सावली आजच करायला हवी.

अण्णा_पाचपाखाडी | ४:१८

पेटी अजिबात हलवू नका. आईबाप जागा लक्षात ठेवतात. सात फूट सरकवलीत तर मादी चोचीत अळी घेऊन जुन्या खिळ्यासमोर फडफडत राहील आणि पिल्लं इकडे उपाशी. पाणीही मारू नका. घरट्यातल्या काड्या भिजल्या की आत कोंदट होतं. पिल्लांच्या चोचीत थेंब तर मुळीच नको, श्वासनलिकेत जातो. पाण्याचा अंश त्यांना अळ्या-किड्यांतूनच मिळतो.

सावली पेटीला चिकटवायची नाही. वर आणि पश्चिमेच्या बाजूला, मध्ये चार बोटं हवा खेळेल अशी. निळी ताडपत्री नको, ती स्वतःच तापते आणि वाऱ्याने फडफडते, पक्षी बिचकतात. गोणपाट, चटई, बांबूचं काहीही चालेल, पण घट्ट बांधा. भोकासमोरची वाट मोकळी ठेवा. पाच मिनिटांत उरका आणि आत जाऊन खिडकीतून बघा. तासाभरात मादी आत गेली नाही तर काढून टाका आणि इथे लिहा.

हात लागला की पक्षी पिल्लं टाकतात ही समजूत फारशी खरी नाही. पण दर दहा मिनिटांनी शिडी लावून बघणारा माणूस त्यांना नक्कीच नको असतो!

अनंताचं_फूल | ५:३५

झालं! घरात बांबूचं एकच होतं, सासूबाईंचं सूप. लक्ष्मी आहे ती, बाहेर टांगायची नाही, असं आधी म्हणाल्या आणि दोन मिनिटांनी स्वतःच आणून दिलं. ह्यांनी भिंतीत दोन खिळे ठोकून सूप तिरकं बांधलं, अगदी दुकानाच्या छपरासारखं.

मादी चोचीत हिरवी अळी घेऊन समोरच्या तारेवर बसली. शेपटी वर-खाली. सुपाकडे बघते, पेटीकडे बघते, पुन्हा उडून जाते. तीन वेळा असं झालं. आम्ही तिघं खिडकीच्या जाळीआड, चहा गार. चौदाव्या मिनिटाला सरळ आत! बाहेर येताना तिच्या चोचीत पांढरी पुरचुंडी होती, ती घेऊन कुंपणापलीकडे गेली. ते काय?

टिटवी | ५:४८

ती विष्ठा. पिल्लांची विष्ठा पातळ पिशवीत बांधलेली येते आणि आईबाप ती लांब नेऊन टाकतात. पिल्लांचं पोट चालू आहे, म्हणजे खाणं पोचतंय.

अण्णा_पाचपाखाडी | रात्री ९:१०

उत्तम. आणखी दोन गोष्टी. मुंग्या बघा, पेटी टांगलेल्या तारेवरून आत शिरतात. तारेला व्हॅसलिनचा जाड थर द्या, पेटीला नाही. मुंग्यांचा खडू वगैरे अजिबात नको. आणि डासांसाठी धुराची गाडी येत असेल तर सेक्रेटरींना सांगून या आठवड्यात तुमच्या मागच्या बाजूला धूर थांबवा. तेच किडे तुमच्या पिल्लांचं जेवण आहेत.

आता पेटीत डोकावणं बंद. बारा दिवसांनंतर जरा धक्का लागला तरी पिल्लं वेळेआधी उड्या टाकतात.

अनंताचं_फूल | २३ मे, सकाळी ८:२०

एक पिल्लू बाहेर आलंय आणि स्कूटरखाली बसलंय! छातीवर ठिपके, शेपूट बोटभर पण नाही. उडता येत नाही, चार फूट फडफडून आपटतं. शेजारच्यांची माऊ भिंतीवर आहे. परत पेटीत ठेवू?

अण्णा_पाचपाखाडी | ८:२६

परत ठेवू नका, पुन्हा उडी मारेल. ही पडझड नाही, दयाळाची पिल्लं अशीच निघतात, पूर्ण उडायला शिकायच्या आधी. अलगद उचलून जास्वंदीत, दाट पानांत ठेवा. आई आवाजावरून शोधते. माऊला मात्र दिवसभर घरात कोंडायला सांगा, वाईटपणा आला तरी चालेल. कावळे आणि भारद्वाज आले तर नुसतं बाहेर उभं राहिलात तरी पुरतं.

पिल्लू जखमी असेल, पंख लोंबत असेल, तरच वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

अनंताचं_फूल | २४ मे, संध्याकाळी ६:५०

माऊला कोंडण्यावरून शेजारच्या काकू कालपासून बोलत नाहीत. असो.

काल दुपारपर्यंत आणखी दोन निघाली. तिन्ही जास्वंदीत आणि अळवात. नर एकदा पालीचं इवलं पिल्लू घेऊन आला, ते पिल्लाच्या घशात अर्धं बाहेर, अर्धं आत असं बराच वेळ लटकत होतं. चौथं आम्हाला दिसलं नाही. संध्याकाळी ह्यांनी पेटीत बॅटरी मारून पाहिलं, आत नव्हतं. माऊने नेलं की पहाटेच निघून गेलं, कळायला मार्ग नाही.

शेवटचा प्रश्न. पेटी आता धुवायची का? फिनेलने?

टिटवी | ७:१५

फिनेल नको. पंधरा दिवस तशीच राहू द्या. मग आतल्या काड्या काढून टाका, पेटी कोरड्या ब्रशने झाडा आणि कडक उन्हात एक दिवस वाळवा, पाऊस लागायच्या आत. जुलैपर्यंत त्यांचा हंगाम असतो, पुन्हा येऊही शकतात. पुढच्या वर्षीसाठी पेटी पूर्वेच्या भिंतीवर घ्या, रिकामी असताना.

अनंताचं_फूल | ७:३०

घेतो. सासरे तर आत्ताच टेप घेऊन पूर्वेची भिंत मोजताहेत. सूप मात्र सासूबाई काढू देत नाहीत, नर त्याच्या कडेवर बसतो म्हणून. तांदूळ पाखडायला नवीन आणायचंय.