अडचणीत पहिली हाक कोणाला? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

मागच्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास बाबांच्या छातीत कळ आली. मी रिक्षासाठी फोन लावतोय, हात थरथरतायत, आणि आई देवघरापुढे उभी. मी ओरडलो, "आई, आधी फाईल काढ!" तिनं आपल्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीला हात लावला, क्षणभर डोळे मिटले आणि वळली ती थेट कपाटाकडे. फाईल, औषधांची पिशवी, पाण्याची बाटली, बाबांची चादर. काही विसरली नाही. मला मात्र रिक्षावाल्याला पत्ताही धड सांगता येत नव्हता.

बाबा आता बरे आहेत, गोळ्या चालू आहेत. पण तेव्हापासून मनात घोळतंय. आपल्याला देव आठवतो तो बहुतेक वेळा सगळं करून थकल्यावर. आईनं आधी हाक मारली. तुमच्याकडे असं कधी झालंय? मागितलेलं मिळालंच पाहिजे असं नाही. जे घडलं ते लिहा.

कुंभारी, विडी घरकुल
आमच्या घरात तेलुगू बोलतात, मराठीत चुकलं तर सांभाळून घ्या. तीस वर्षं विड्या वळते. रात्री पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायचं, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कातरायचं, आणि सूप मांडीवर घेतलं की पहिली विडी मार्कंडेयाचं नाव घेऊन. सासूबाईंनी लावलेली सवय. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पान-तंबाखू यायचं थांबलं. घरात चार माणसं, धाकटीची फी बाकी. त्या सकाळी रिकामंच सूप मांडीवर घेतलं आणि नाव घेतलं. काय मागावं तेही सुचेना. बसल्या बसल्या डोक्यात आलं, शेजारणीकडे शिलाई मशीन नुसतं पडून आहे. दोघींनी मिळून मास्क शिवायला घेतले, त्यावर किराणा निघाला. देवानंच सुचवलं. कोणी योगायोग म्हणालं तर म्हणू दे.

धागाकर्ता
ताई, बाराव्या शतकात सिद्धरामांनी लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला, हे लहानपणापासून ऐकत आलोय. तुम्ही दोघींनी मिळून मास्क शिवले, ते वाचून तेच आठवलं.

एसटी चालक
सोलापूर-अक्कलकोट गाडी चालवतो. स्टेअरिंगला हात लावून स्वामींचं नाव, मग ब्रेक बघायचा, मगच गाडी हलते. एवढंच सांगायचं होतं.

बाळीवेस
सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत यण्णीमज्जनाला, म्हणजे तैलाभिषेकाला, दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालतो, अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर. लॉकडाऊनमध्ये भावाची नोकरी गेली, तेव्हा देऊळ बंद. मग तलावाच्या काठावर उभा राहायचो. पाण्यापलीकडे कळस दिसायचा. मनातल्या मनात 'हर्र बोला हर्र' म्हणायचं आणि भावाचं गाऱ्हाणं घालायचं. १६ नोव्हेंबर २०२०ला देवळं उघडली. आत जाऊन पाया पडलो, तर मागायचं काही उरलंच नव्हतं. सगळं काठावरूनच सांगून झालं होतं.

यंत्रमाग कामगार
मी टॉवेल विणतो. आम्ही हाक मारतो अल्लाहला, पण धागा वाचून राहवलं नाही. मुलीच्या बारावीच्या निकालाच्या आदल्या रात्री अम्मी जानमाजवरून, नमाजाच्या चटईवरून, उठलीच नाही. निकाल चांगला लागला. माझ्या लक्षात राहिले ते सकाळचे तिचे सुजलेले गुडघे.

रूपाभवानी मंदिराजवळून
लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना तापानं गेला. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी आधी रूपाभवानी आईलाच हाक मारली होती, परडी भरायचा नवस बोलले होते. तो गेल्यावर दोन वर्षं देवळाची पायरी चढले नाही. घरात भांडी घासताना देवीशी भांडायचे, मोठमोठ्यानं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "भांडायचंय ना, मग समोर जाऊन भांड." गेले. तिथं गेल्यावर भांडण आलंच नाही तोंडात. एवढंच म्हणाले, माझं लेकरू सांभाळ गं आई. आता दर मंगळवारी जाते. नवस पुरा झाला नाही, तरी परडी भरते.

धागाकर्ता
ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि देवघरातल्या समईत आणखी एक वात लावली.