मेन बंद असूनही पॅनेलमध्ये शॉक बसतो, तेव्हा काय तपासावे?

प्रश्न
मी एका लहान कारखान्यात देखभालीचे काम पाहतो. गेल्या आठवड्यात आमचा वायरमन मोटरचा जळालेला कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) बदलत होता. पॅनेलचा एमसीसीबी (मुख्य ब्रेकर) त्याने स्वतःच्या हाताने बंद केला होता, तरीही टर्मिनल पट्टीवरचा स्क्रू सैल करताना त्याला जोराचा शॉक बसून तो मागे फेकला गेला. कोपर खरचटण्यावर निभावले, परंतु पुरवठा बंद असताना व्होल्टेज आले कोठून, आणि तीनच माणसांच्या विभागात कोणती शिस्त पाळता येईल?

उत्तर १
त्या वायरमनचा ईसीजी काढला नसेल, तर कृपया आधी तो काढून घ्यावा. हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड वरून दिसत नाही.
टर्मिनल पट्टीवर शॉक बसला म्हणजे माझा पहिला संशय इंटरलॉकच्या (एका यंत्राचे चालणे दुसऱ्यावर अवलंबून ठेवणाऱ्या जोडणीच्या) वायरीवर आहे. ती बहुधा दुसऱ्या पॅनेलमधून २३० व्होल्ट घेऊन येते, त्यामुळे आपला एमसीसीबी पाडला तरी ती जिवंतच राहते. ड्रॉइंग काढून बाहेरून येणारी प्रत्येक वायर शोधावी.

उत्तर २
वीज साठवणारे कपॅसिटर आणि मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्हही विसरू नयेत. ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या आत सुमारे ५८५ व्होल्ट डीसी साठलेले असते आणि डिस्प्ले विझल्यावरही ते काही मिनिटे टिकते. झाकणावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबून मगच मीटर डीसीवर ठेवून मोजावे.
लाइन टेस्टरवर विसंबू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. कोरड्या लाकडी फळीवर उभे राहिले किंवा उन्हाचा उजेड असला, तर त्यातला दिवा पेटल्याचे कळतही नाही. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून पाहावा, मग जेथे हात घालायचा आहे तेथे प्रत्येक फेज न्यूट्रलशी, अर्थशी आणि इतर फेजशी तपासावा, आणि शेवटी पुन्हा चालू पॉइंटवर लावावा, म्हणजे मधल्या वेळात मीटरच बिघडला नाही ना, याची खात्री होते.

उत्तर ३
शिस्तीबद्दल विचारले आहे, म्हणून सांगतो. एमसीसीबीला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि दोघे काम करत असतील तर दोघांची दोन कुलुपे असावीत. फोनवरून ‘लाइन सोडा’ (पुरवठा चालू करा) म्हणण्याची पद्धत आजच बंद करावी. जनरेटर असल्यास त्याचा ब्रेकरही कुलपात हवा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ब्रेकर) अवश्य बसवावी. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर ती पडेलच असे नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. कूलिंग टॉवरच्या पंपाच्या पॅनेलमधून आलेली इंटरलॉकची वायर सापडली. ती इतर वायरींसारखीच करडी होती आणि तिच्यावर फेरूलही (वायरीचा क्रमांक दाखवणारी छोटी नळी) नव्हते. आता ती नारिंगी वायरने बदलली असून, ‘येथे दुसऱ्या पॅनेलचा पुरवठा येतो’ अशी पाटी दारावर लावली आहे. तिघांसाठी नावे घातलेली तीन कुलुपे आणली आहेत. वायरमनला उद्या सकाळी ईसीजीसाठी मी स्वतः घेऊन जात आहे.