मॉन्टेसरीचे नवे वर्ष आणि दारातले रडणे

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): माझी तीन वर्षांची मुलगी जूनपासून मॉन्टेसरीत जाऊ लागली असून दारातच ओढणी घट्ट धरून रडते. मी वर्गात थांबावे का?

उत्तर: ताई, थांबू नये. निरोप थोडक्यात घ्यावा, 'डबा खाऊन झाला की येते' असे तिला कळेल अशा शब्दांत सांगावे, मात्र नजर चुकवून कधीही निघू नये, कारण त्याने विश्वासच डळमळतो.

उत्तर (वाशी, मॉन्टेसरी शिक्षिका): सुरुवातीला आम्ही मांडणीवर मोजकीच साधने ठेवतो, एका भांड्यातून दुसऱ्यात डाळ ओतण्यात किंवा बटणांच्या चौकटीत (बटणे लावण्या-काढण्याच्या सरावाचे साधन) हात गुंतले की रडणे हळूहळू ओसरते. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असल्याने मोठी मुले धाकट्यांना चटई गुंडाळायला शिकवतात, आणि हे मला फार मोलाचे वाटते. घरीही चपला तिला स्वतः घालू द्याव्यात.

उत्तर: पावसात घोडबंदरला वाहतूक तुंबते, म्हणून लवकर निघावे, घाईत पोहोचलेले मूल अधिक बिथरते.