फिगर्स ऑफ स्पीच (इंग्लिशमधले अलंकार) डोक्यात बसत नाहीत, काहीतरी सुचवा (बारावी इंग्लिश)

शेवटचा_बाक: नमस्कार सगळ्यांना. बारावी आर्ट्स, स्टेट बोर्ड, दहावीपर्यंत मराठी मीडियम. कवितेची ओळ देतात आणि फिगर ऑफ स्पीच ओळखून एक्सप्लेन करा म्हणतात, सिमिली-पर्सॉनिफिकेशन जमतं पण मेटॉनिमी-सिनेकडकी, ऑक्सिमोरॉन-पॅराडॉक्स आणि तो ट्रान्सफर्ड एपिथेट, इथे दरवेळी घोळ. व्याख्या पाठ आहेत पण ओळ समोर आली की डोकं बंद. कवितेच्या अप्रिसिएशनचे (रसग्रहणाचे) ४ मार्कपण त्यातच अडकतात. पुस्तक, साइट काहीही चालेल, फक्त झेपेल असं सांगा.

खडू_डस्टर: व्याख्या ठेव बाजूला. "खाणारी तोंडं सहा आणि कमावणारे हात दोन" असं आपण म्हणतोच ना, तोंड काय हात काय, माणसाचेच भाग, भाग सांगून आख्खा माणूस सांगितला की सिनेकडकी. "मंत्रालयाने जीआर काढला" यात मंत्रालय ही इमारत, ती काही साहेबांचा अवयव नाही, नुसता संबंध, म्हणून मेटॉनिमी. राजाऐवजी "क्राउन" आलं तरी मेटॉनिमीच, मुकुट काढून ठेवता येतो, हात काढून ठेवता येत नाही :)

ट्रान्सफर्ड एपिथेटला "स्लीपलेस नाइट" घे. झोप कोणाची उडाली? माणसाची. रात्रीला कुठली झोप? विशेषण खरं कोणाचं आणि लावलंय कोणाला, एवढंच एक्सप्लेनमध्ये लिहायचं. पोरं नुसतं नाव लिहून मोकळी होतात आणि तिथेच मार्क घालवतात.

ऑक्सिमोरॉन दोन उलट अर्थाच्या शब्दांत उरकतो, "ओपन सीक्रेट". पॅराडॉक्स म्हणजे पूर्ण विधान, आधी उलटं वाटतं, मग पटतं, जसं "मोअर हेस्ट, लेस स्पीड".

वरणभात: दहावीच्या मराठीतले अलंकार आठव की. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली, अनुप्रास म्हणजे अलिटरेशन. वाळंब्यांचं व्याकरण घरात असेल तर आधी तेच उघड, नंतर रेन अँड मार्टिनमधला फिगर्स ऑफ स्पीचचा धडा.

कोकणकडा: वरणभात, बरोबर आहे पण सगळं डोळे मिटून जुळवायला गेलं तर पाय घसरतो. उत्प्रेक्षेला इंग्लिशमध्ये वेगळा खण नाही, "अ‍ॅज इफ" आलं तरी सिमिलीच लिहायची. यमक आपल्याकडे अलंकार, तिकडे ते राइम स्कीममध्ये जातं, फिगर म्हणून लिहू नको. आणि अलिटरेशनला कान लावायचा, स्पेलिंग बघायचं नाही. "किंग" आणि सरदारवाला "नाइट" दोन्ही के ने सुरू होतात पण अलिटरेशन होत नाही, "फोन" आणि "फॅन"मध्ये होतं.

एमए_पार्ट_टू: एब्रम्सची ग्लॉसरी ऑफ लिटररी टर्म्स घे डोळे झाकून!! १९५७ पासून चालू आहे, आम्ही सगळे तीच वापरतो.

खडू_डस्टर: अहो, बारावीच्या पोराला एब्रम्स कशाला, पुढे इंग्लिश घेऊन बीए केलं तर बघेल. आत्ता टेक्स्टबुकातल्या कवितांवर पेन्सिलने खुणा कर, अडलं तर पोएट्री फाउंडेशनच्या साइटवर ग्लॉसरी फुकट आहे.

शेवटचा_बाक: बापरे, थँक्यू सगळ्यांना! तोंडं आणि हात आता विसरणार नाही. मॅडम/सर, आयर्नी आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफी पण सांगा ना, अ‍ॅपॉस्ट्रॉफी म्हणजे तो वरचा स्वल्पविराम नाही ना?

वरणभात: आयर्नी मी सांगतो. आई रोजच्या सिरियलमध्ये ओरडते ना, "अगं तिच्यावर विश्वास ठेवू नकोस", कारण कपाटामागचं कारस्थान आईला दिसलंय, हिरॉइनला नाही. ती ड्रामॅटिक आयर्नी. आणि पसारा बघून "वा, काय आवरलंय" म्हणते ती व्हर्बल.

खडू_डस्टर: मॅडम. स्पेलिंग तेच, काम वेगळं. समोर नसलेल्या माणसाला किंवा निर्जीव वस्तूला थेट हाक मारून बोलणं म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी. "ये रे ये रे पावसा" घे. पावसाला पैसा देऊ केलाय म्हणजे त्याला माणूसही मानलंय, तेव्हा पर्सॉनिफिकेशनही आहेच. अशा ओळीला दोन्हीपैकी कुठलंही लिही, मात्र जे लिहिशील त्याचंच एक्सप्लेनेशन दे.